दहावीचा दुसरा रस्ता

फळ्यावरचं उतरवून घेताना ४२चे २४ होतात, पण घरातला बंद पडलेला मिक्सर तीच मुलगी खोलून पुन्हा जोडते. अशा मुलांना अध्ययन अक्षमता असू शकते. काहींना स्वमग्नता असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत दोन्ही आहेत. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला अख्खा एक तास!

तरीही शाळा झेपत नसेल, तर १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. दहावीला किमान पाच विषय, त्यांत एक किंवा दोन भाषा, बाकीचे आवडीचे. गणित सक्तीचं नाही. चित्रकला, गृहविज्ञान चालतं. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात.

मोकळीक एवढी मोठी, म्हणूनच सोबतीला जाणता मार्गदर्शक हवा. तो आठवड्याचं वेळापत्रक चित्रांत मांडतो. ‘अभ्यास कर’ असं मोघम न म्हणता ‘आधी तीन गणितं, मग पाणी पिऊन ये’ असं नेमकं सांगतो. परीक्षा केंद्र आधीच दाखवून आणतो: दार कुठलं, पंखा किती खडखडतो, स्वच्छतागृह कुठे. अनोळखी आवाजाने बिथरणाऱ्या मुलासाठी ही फेरी उजळणीइतकीच मोलाची. लेखनिक घेणार असेल, तर त्याच्यासोबतही सराव हवा; सांगणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळायला वेळ लागतो.