‘तिथं’ दुखतंय? मग दुसरं मत घ्याच!

मान दुखली तर आपण अख्ख्या ऑफिसला सांगतो. ॲसिडिटी झाली तर कँटीनवाल्यापासून बॉसपर्यंत प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय तयार असतो. पण दुखणं कमरेच्या थोडं खाली, वृषणात असेल तर? आळीमिळी गुपचिळी! घरी सांगायचं नाही, मित्रांना सांगायचं नाही. हिंमत करून डॉक्टरसमोर बसलोच, तर ‘पोटात जरा खाली दुखतंय’ एवढंच तोंडातून निघतं. डॉक्टर पोटाची गोळी देतात. गोळ्या संपतात, दुखणं मात्र जागच्या जागी!

हे मेट्रोतल्या मुलांचं, तसंच नंदुरबारसारख्या जिल्ह्यात नोकरीला असलेल्या किंवा तिथून पुण्या-मुंबईला आलेल्या मुलांचंही. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. शहाद्याच्या बँकेत पोस्टिंग असो की तळोद्याला प्रोजेक्ट, स्पेशालिस्ट हवा असला की बरेच जण सुरत, धुळे नाहीतर नाशिकची वाट धरतात. आणि त्या वाटेवर, स्टँडच्या आणि रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर, ‘गुप्तरोगावर शर्तिया इलाज’ रंगवलेला असतोच. लाज वाटणारा पेशंट अलगद तिकडे वळतो. दुसरं मत घ्यायचंय ते अशा भिंतीकडून नाही, भाऊ!

दुखणं एक, कारणं अनेक

तीन महिन्यांहून जास्त काळ, सतत किंवा अधूनमधून दुखत असेल, तर डॉक्टर त्याला जुनाट वृषणदुखी म्हणतात. कारणांची यादी मोठी आहे. वृषणामागच्या नळीला, म्हणजे एपिडिडिमिसला सूज. पाणी साचून होणारा हायड्रोसील. शिरा फुगून होणारा व्हेरिकोसील. हा साधारण १०० पुरुषांतल्या १५ जणांना असतो आणि बहुधा डाव्या बाजूला, कारण डावीकडची शीर किडनीच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि रक्ताचा निचरा सावकाश होतो. मात्र व्हेरिकोसील असूनही अनेकांना काहीच दुखत नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये तो दिसला म्हणून दुखण्याचा गुन्हेगार सापडलाच, असं नाही.

कधी तर दुखतं एकीकडे आणि बिघाड दुसरीकडे! आईच्या पोटात असताना वृषणं किडनीजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात, पण त्यांच्या नसा वरच्याच राहतात. म्हणून मूत्रनळीत अडकलेला खडा वृषणात कळ काढू शकतो. जांघेतला हर्निया आणि पाठीतली दबलेली नसही हाच खेळ करतात. म्हणूनच ‘सोनोग्राफी नॉर्मल, जा घरी’ हे शेवटचं वाक्य असू शकत नाही.

आपल्याकडे दोन गोष्टी खास लक्षात ठेवायच्या. पहिली टीबी. एपिडिडिमिसलाही टीबी होतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिक्सना तो दाद देत नाही. दुसरी सिकलसेल. नंदुरबारच्या आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो. सिकलसेल असलेल्या पेशंटला लिंग ताठ राहून असह्य वेदना होऊ शकतात आणि क्वचित वृषणाचा रक्तपुरवठाही अडतो. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

सहा तासांचं घड्याळ

एका दुखण्यात मात्र दुसरं मत वगैरे काही नाही. अचानक, झोपेतून उठवणारी तीव्र कळ, उलटी, एक वृषण वर ओढलेलं... हा पीळ असू शकतो. वृषणाला रक्त नेणारी दोरी स्वतःभोवती फिरते आणि रक्त बंद होतं. साधारण सहा तासांत पीळ सोडवला, तर वृषण वाचण्याची शक्यता खूप असते. २४ तासांनंतर ती फारच थोडी उरते. किशोरवयात हे जास्त होतं, पण पंचविशीतही होऊ शकतं.

आता हिशेब करा. धडगावहून सातपुड्याचा घाट उतरून नंदुरबारला यायचं, तिथून ‘सुरतला मोठे डॉक्टर आहेत’ म्हणून गाडी शोधायची... सहा तास रस्त्यातच गेले की! हे ऑपरेशन जनरल सर्जनही करतो. म्हणून १०८ला फोन करा आणि सर्जन असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठा. सकाळपर्यंत थांबू नका. ‘आईला कसं सांगू’ हा प्रश्न नंतर सोडवू!

लान्सला काय मिळालं?

सेकंड ओपिनियनने काय फरक पडतो, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं. वय २५. वृषण सुजलेलं, दुखत होतं, पण सायकलवर बसणाऱ्याला एवढं होणारच म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. ऑक्टोबर १९९६मध्ये निदान झालं, तेव्हा कॅन्सर फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता. एका नामांकित सेंटरने केमोथेरपीचा प्लॅन दिला. तो घेऊन तो इंडियाना विद्यापीठात गेला. तिथले लॉरेन्स आइनहॉर्न म्हणजे ज्यांनी १९७४मध्ये सिसप्लॅटिन वापरून या कॅन्सरच्या उपचाराचं चित्रच पालटलं, ते डॉक्टर! तिथल्या टीमने फुप्फुसांना इजा करू शकणारं ब्लिओमायसिन टाळून वेगळी औषधं सुचवली. कॅन्सर तर गेलाच, सायकलपटूची फुप्फुसंही वाचली. पुढे डोपिंगमुळे २०१२मध्ये त्याची सातही टूर द फ्रान्स विजेतेपदं काढून घेतली गेली, ती गोष्ट वेगळी. दुसऱ्या मताचा धडा त्याने खोटा ठरत नाही.

घाबरू नका! दुखणाऱ्या प्रत्येक वृषणात कॅन्सर नसतो. भारतात हा कॅन्सर कमीच आढळतो आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवात न दुखणाऱ्या कडक गाठीने होते. वेळेत सापडला तर तो जवळजवळ हमखास बरा होतो. पण गाठ लागली, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही.

दुसरं मत कधी?

▪ अँटिबायोटिक्सचे दोन कोर्स झाले, पण लघवीची तपासणी किंवा डॉपलर सोनोग्राफी एकदाही झाली नाही.
▪ डॉक्टरांनी हाताने तपासलंच नाही. व्हेरिकोसील आणि हर्नियासाठी उभं करून, खोकायला लावून बघावं लागतं.
▪ ‘सगळं मनाचं आहे’ असं तपासण्याआधीच सांगितलं.
▪ ऑपरेशनचा सल्ला मिळाला. वृषण काढण्याचा असेल तर शंभर टक्के!

ऑपरेशनची गोष्ट निघालीच आहे, तर एक प्रश्न पाठ करून ठेवा: ‘आधी नस बधिर करून बघणार का?’ वृषणाच्या दोरीत भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दुखणं तात्पुरतं थांबलं, तर मूळ तिथेच असण्याची शक्यता वाढते आणि नसा तोडण्याच्या सूक्ष्म ऑपरेशनचा विचार करता येतो. थांबलंच नाही, तर शोध दुसरीकडे घ्यायचा. काही जणांमध्ये कारण कधीच सापडत नाही, पण म्हणून उपाय संपत नाहीत. नसांच्या वेदनेवरची औषधं आणि ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी यांनी अनेकांना आराम पडतो.

फाईल घ्या, गाडी पकडा

दुसरं मत हवं ते युरॉलॉजिस्टचं. सुरत–भुसावळ लाइनने नंदुरबारहून सुरत काही तासांवर. वाटेत नवापूर लागतं, जिथे एकाच स्टेशनात अर्धा महाराष्ट्र आणि अर्धा गुजरात आहे! जिल्ह्यातच दाखवायचं, तर नंदुरबारचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२०पासून सुरू आहे. जाताना फक्त सोनोग्राफीचा कागद नको, फिल्म किंवा सीडीही घ्या. खाल्लेल्या औषधांची नावं आणि दिवस लिहा. दोन आठवडे छोटी डायरी ठेवा: कधी दुखतं, बसून की उभं राहून, लघवीच्या वेळी की संबंधांनंतर. आणि तिथं गेल्यावर फाईल लगेच पुढे सरकवू नका. आधी आपली कहाणी सांगा, तपासू द्या, मग पहिल्या डॉक्टरांचं मत दाखवा. नवी नजर नवीच राहते!

पहिल्या डॉक्टरांना राग येईल? आला तर आला. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेणं हा हक्क म्हणून नोंदवलाय. चांगल्या डॉक्टरांना त्याचं वाईटही वाटत नाही.

दोन्ही मतं जुळली तर निर्धास्त होऊन उपचार घ्या. नाही जुळली तर दोघांनाही एकच विचारा: ‘कशावरून?’ ज्याचं उत्तर तुम्हाला समजेल अशा भाषेत आणि तपासणीच्या आधारावर येईल, त्याच्याकडे फाईल ठेवा. नवा मोबाइल घेताना आपण चार दुकानं फिरतो, यार... मग ज्या शरीरासोबत अख्खं आयुष्य काढायचंय, त्यासाठी दोन दवाखाने काय जास्त आहेत?