फेसाचं माप

पाणी बराच वेळ गेलं की घरोघरी एक गंमत होते, बोईसर-पालघरला राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको! नळ आधी फुसफुसतो, खोकतो, चार थेंब उडवतो, नि पुन्हा नुसती हवा. अशा वेळी खाली पाण्याचा मीटर पाहा. काटा हवेवरसुद्धा फिरतो! आतून पाणी गेलं की हवा, हे त्या बिचाऱ्याला काय कळणार?

आता सातपाटीच्या किनाऱ्यावर उभे राहून मावळतीकडे बघा. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. किनाऱ्यावरून ते दिसत नाही, ते क्षितिजाच्या कितीतरी पलीकडे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधलं आणि २१ मे १९७६ पासून ते काढायला सुरुवात झाली. तिथल्या तेलविहिरींनाही नळाचाच खोकला आहे.

जमिनीखाली दाब प्रचंड, म्हणून वायू तेलात विरघळलेला असतो, सोड्याच्या बंद बाटलीसारखा. वर येताना दाब कमी होतो नि वायू फसफसून सुटतो. नळीतून कधी बुडबुडे येतात, कधी वायूचा मोठा लोट, मागून तेलाचा लोंढा. सोबत पाणीही असतंच.

मग मोजायचं कसं? रसवंतीवाल्याचा ग्लास आठवा. काठोकाठ भरलेला दिसतो, पण फेस बसला की रस पाऊणच! तेलवाले तेच करतात, फेस बसू देतात. एका वेळी एकच विहीर वेगळ्या बंद टाकीकडे वळवतात. टाकीत वायू वर, तेल मध्ये, पाणी तळाला. प्रत्येकाची वाट वेगळी, मीटर वेगळा. काही तास मोजलं की पुढच्या विहिरीची पाळी.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सगळ्यांचं एकत्रच मोजा की! पण समजा, एका विहिरीतून तेलाऐवजी पाणीच जास्त येऊ लागलं. एकूण बेरीज घटलेली दिसेल, पण दुखणं कुणाचं ते कळणार नाही. वर्गाच्या सरासरीवरून गणितात कोण नापास झालं ते कळतं का? अंदाजाने चांगलीच विहीर बंद केली, तर तेल खालीच राहायचं!

अलीकडे टाकीशिवाय मोजणारी यंत्रंही आली आहेत. त्यांतल्या काहींत नळीतून गॅमा किरण सोडतात. वायूतून ते सहज पार होतात, तेल-पाण्यात बरेच अडतात. पलीकडे किती पोचले, यावरून मिश्रणात काय किती ते ताडतात. समुद्रातल्या फलाटावर जागा फार महाग, म्हणून हे छोटं यंत्र सोयीचं. पण त्याला तेल, वायू, पाणी यांची घनता आधी सांगावी लागते. पाण्याचा खारटपणा बदलला तरी हिशेब चुकू शकतो. मग खात्री करायला विहीर पुन्हा त्या जुन्या टाकीकडेच वळवतात.