रखडलेला बिल्ड आणि शिळं पान
(ओपन सोर्सचा उंबरठा : लेखांक 6)

मागच्या आठवड्यात आपण प्रकल्पाचा सोर्स कोड गिटने उतरवून घेतला आणि तिथेच थांबलो. आता बिल्ड, म्हणजे त्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं. ओपन सोर्समध्ये काम करायला उत्साहाने आलेली माणसं सर्वात जास्त गळतात ती या पायरीवर. कोड समजला नाही म्हणून नव्हे. कोडपर्यंत पोचताच आलं नाही म्हणून. याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून आजचा लेखांक सावकाश लिहितो आहे.

उदाहरण एलएलव्हीएमचं घेऊ. 2000 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प आज क्लँग, रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया अशा कितीतरी कंपायलरांचा पाया आहे. शिकण्यासारखं भरपूर, पण बिल्ड करायला जड. क्लँगसकट डीबग बिल्डला, म्हणजे चुका शोधण्यासाठीची माहिती बरोबर ठेवणाऱ्या बिल्डला, 15 ते 20 जीबी जागा लागते, हे प्रकल्प स्वतःच सांगतो.

मी तो पहिल्यांदा बिल्ड केला तो 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये. रात्री जेवण झाल्यावर निन्जा हे बिल्ड चालवणारं साधन सुरू केलं. पडद्यावर पूर्ण झालेल्या कामांचा आकडा सरकत होता. झोपलो. सकाळी पाहिलं तर आकडा शेवटाच्या अगदी जवळ येऊन थांबलेला, आणि खाली एक ओळ : लिंकर सिग्नल 9 मिळून बंद पडला, पुढे कंसात ‘किल्ड’. मी दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसलो. कोडमध्ये काहीच चूक नव्हती.

झालं होतं ते असं. बिल्डमध्ये दोन निरनिराळी कामं असतात. कंपाइल करताना एकेक फाइल घेऊन तिचं मशीनच्या भाषेत रूपांतर होतं. अशी कामं हजारो असली तरी प्रत्येकाला मेमरी बेताचीच लागते. लिंक करताना मात्र ते सगळे तुकडे एकत्र आणून एक प्रोग्रॅम जोडायचा असतो. डीबग बिल्ड असेल तर प्रत्येक तुकड्याबरोबर डीबगची भलीमोठी माहितीही येते, आणि एकेका लिंकला काही जीबी लागू शकतात. आता निन्जाची रीत पाहा. काही सांगितलं नाही तर ते प्रोसेसरच्या थ्रेडांपेक्षा दोन जास्त कामं एका वेळी चालवतं. माझ्याकडे 8 थ्रेड, म्हणजे 10 कामं. कंपाइल चालू होतं तोवर निभावलं. शेवटी एकदम अनेक लिंक सुरू झाल्या. त्यात डब्ल्यूएसएल 2 विंडोजच्या एकूण रॅमपैकी निम्मीच लिनक्सला देतं. माझ्या वाट्याला 4 जीबी. मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल एखाद्या जड प्रोसेसला मारून बाकीची यंत्रणा वाचवतो. सिग्नल 9 तो हाच.

उपाय एका ओळीचा होता : निन्जाला ‘-जे 1’ सांगून पुन्हा सुरू करणं. झालेलं काम वाया जात नाही, निन्जा राहिलेलंच उचलतं. पुढच्या वेळेसाठी सीमेकला, म्हणजे निन्जासाठी बिल्डची आखणी करणाऱ्या साधनाला, आधीच तीन गोष्टी सांगून ठेवाव्यात. पॅरलल लिंक जॉब्स 1 ठेवा, म्हणजे कंपाइल जोरात चालेल आणि लिंक एकेक होईल. डीबगची खरोखर गरज नसेल तर बिल्डचा प्रकार रिलीज ठेवा. आणि टार्गेट फक्त आपल्या मशीनचं निवडा. नाहीतर एलएलव्हीएम एआरएम, मिप्स, पॉवरपीसी अशा डझनाहून अधिक प्रोसेसरांसाठी कोड तयार करणारे भाग बांधत बसतं, ज्यांतले बहुतेक तुम्हाला लागत नसतात.

बिल्ड हळू चालतो म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो नवीन मशीन घेण्याचा. हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं. आधी वेळ कुठे जातो ते मोजा. निन्जा बिल्डच्या फोल्डरमध्ये स्वतःची एक लॉग फाइल ठेवतं. प्रत्येक काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे तिच्यात मिलिसेकंदांत लिहिलेलं असतं. दोन आकड्यांची वजाबाकी करून मोठ्यापासून लहान असा क्रम लावला की चोर सापडतो. एखादी फाइलच फार वेळ खात असेल तर क्लँगला ‘टाइम ट्रेस’चा पर्याय द्यावा. अरास प्रान्त्स्केविचुस या गेम क्षेत्रातल्या प्रोग्रामरने तो लिहिला आणि 2019 मध्ये क्लँग 9 बरोबर तो सगळ्यांना मिळाला. कोणत्या हेडर फाइलने किती वेळ घेतला, ते तो चित्रासारखं मांडून दाखवतो.

डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. सोर्स कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून बिल्ड करू नका. प्रत्येक फाइल उघडताना दोन यंत्रणांमधली सीमा ओलांडावी लागते, आणि बिल्डमध्ये फाइली लाखो वेळा उघडल्या जातात. कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. एक पैसा खर्च न करता होणारा हा बहुधा सर्वात मोठा फायदा आहे. सीकॅशही जरूर लावा. अँड्र्यू ट्रिजेलने सुरू केलेलं हे साधन आधी कंपाइल झालेल्या फाइलीचं उत्तर जपून ठेवतं. पहिला बिल्ड त्याने वेगवान होत नाही; फोल्डर पुसून पुन्हा बिल्ड करावा लागला की त्याची किंमत कळते.

आता शिळ्या पानांकडे. एलएलव्हीएम बिल्ड कसं करावं हे सांगणारी असंख्य पानं इंटरनेटवर आहेत. त्यांतली बरीच सबव्हर्जन या गिटआधीच्या साधनाने कोड उतरवायला सांगतात आणि क्लँगचं फोल्डर एलएलव्हीएमच्या टूल्स फोल्डरमध्ये नेऊन ठेवायला लावतात. हा प्रकल्प ऑक्टोबर 2019 मध्ये गिटहबवर आला आणि बहुतेक सगळे उपप्रकल्प एकाच रिपॉझिटरीत आले. काही पानं ‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’ चालवायला सांगतात. ती पद्धत 2016 मध्ये 3.9 आवृत्तीत काढून टाकली गेली. बिल्डचा प्रकार पूर्वी सांगितला नाही तर गुपचूप डीबग धरला जाई. आता तो सांगावाच लागतो, नाहीतर सीमेक तिथेच अडतं. ही पानं लिहिली गेली त्या दिवशी अक्षर न् अक्षर खरी होती.

मेक हे साधन कसं जन्मलं ते इथे आठवतं. 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात गेली. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. ते चिडून स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले आणि त्यातून फेल्डमन यांनी मेक लिहिलं. कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे ते लिहून ठेवायचं, मूळ फाइलीची तारीख नवी असेल तर तेवढंच पुन्हा बांधायचं. पन्नास वर्षं होत आली, तेव्हापासून कोडमधला शिळेपणा यंत्र ओळखतं. सेटअपच्या पानाला मात्र असं मेक नाही. बिल्डची पद्धत बदलली म्हणून नापास झालेल्या चाचणीसारखं पान लाल होत नाही. जुन्या जाणत्यांच्या मशीनवर सगळं केव्हाच बसवलेलं असतं, त्यामुळे ते पान पहिल्या ओळीपासून पुन्हा कुणी चालवून पाहत नाही.

म्हणून नवीन प्रकल्प हाती घेताना पान वाचण्याआधी दोन गोष्टी पाहा. त्या पानाच्या फाइलीवर ‘गिट लॉग’ चालवून ती शेवटची कधी बदलली ते बघा. मग प्रकल्पाच्या सीआयची, म्हणजे कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेची, फाइल उघडा. गिटहबवर ती बहुधा ‘वर्कफ्लोज’ नावाच्या फोल्डरमध्ये असते. कोणती पॅकेजेस, कोणती आवृत्ती, कोणत्या क्रमाने, सगळं तिथे असतं. ही फाइल रोज चालते, चुकली तर त्याच दिवशी कुणीतरी दुरुस्त करतं. पान आणि सीआय यांत फरक दिसला तर सीआयवर विश्वास ठेवा.

आणि एक विनंती. रिकाम्या मशीनवर ते पान ओळीनुसार करून पाहणारे सध्या तुम्हीच आहात. अडलात तिथे कागदावर टिपून ठेवा : कोणती आज्ञा दिली, काय उत्तर आलं, शेवटी कशाने चाललं. बिल्ड पूर्ण झाला की त्याच दिवशी त्या पानाची दुरुस्ती पाठवा, चार ओळींची असली तरी चालेल. आठवड्याने तुम्हालाही ते आठवणार नाही. ही दुरुस्ती पाठवायची कशी, म्हणजे पुल रिक्वेस्ट, ते पुढच्या लेखांकात.