लोकवर्गणी

लोकवर्गणी म्हणजे एखाद्या सार्वजनिक कामासाठी गावातील, वस्तीतील किंवा समाजातील लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे एकत्र केलेला निधी होय. हा निधी रोख रकमेप्रमाणेच धान्य, बांधकामाचे साहित्य, जमीन किंवा श्रमदान यांच्या रूपातही असतो. महाराष्ट्रातील अनेक शाळा, वसतिगृहे, धर्मशाळा, रुग्णसेवा केंद्रे आणि काही उद्योग लोकवर्गणीतून उभे राहिले. निधीची रक्कम लहान असली, तरी तो देणाऱ्यांची संख्या मोठी असते. त्यामुळे उभ्या राहिलेल्या संस्थेबद्दल लोकांत आपलेपणाची भावना आणि तिच्या कारभाराविषयी विचारणा करण्याचा नैतिक अधिकार निर्माण होतो. लोकवर्गणी आणि एका धनिकाची देणगी यांत हाच मुख्य फरक मानला जातो.

संकल्पना आणि पद्धती

दान, देणगी आणि वर्गणी हे शब्द व्यवहारात एकमेकांऐवजी वापरले जात असले, तरी त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. दानामागे बहुधा पुण्याची कल्पना असते. देणगी ही एखाद्या व्यक्तीने स्वेच्छेने दिलेली, बहुधा मोठी रक्कम असते. वर्गणीत मात्र काम सर्वांचे आहे आणि म्हणून खर्चातील वाटाही सर्वांचा आहे, असे गृहीत धरलेले असते. गावच्या जत्रेसाठी घरटी ठरणारी पट्टी हे तिचे जुने रूप होय.

वर्गणी गोळा करण्याच्या प्रचलित पद्धती पुढीलप्रमाणे आहेत :

• घरटी ठरावीक रक्कम किंवा उत्पन्नाच्या प्रमाणात रक्कम घेणे
• रोजच्या स्वयंपाकातून मूठभर धान्य बाजूला काढून ते ठरावीक दिवशी गोळा करणे
• कीर्तन, नाटक किंवा उत्सवाच्या निमित्ताने निधी जमवणे
• रकमेऐवजी मजुरी, बैलगाडी, दगड, वाळू किंवा लाकूड देणे
• गाव सोडून शहरात किंवा परदेशात गेलेल्यांकडून मदत मिळवणे

हे काम सामान्यतः एक समिती पाहते. पावतीपुस्तक, खजिनदार आणि सर्वांसमोर होणारे हिशेबाचे वाचन ही तिच्या विश्वासार्हतेची साधने होत.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात पुण्यासारख्या शहरात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वारावर जेवून शिक्षण घेत असत. वारावर जेवणे म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवण्याची सोय असणे. ही पद्धत प्रामुख्याने ब्राह्मण मुलांपुरती मर्यादित होती. इतर जातींतील आणि विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना तिचा उपयोग नव्हता. सार्वजनिक निधीतून चालणारी वसतिगृहे निघाल्यावर ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग खुला झाला.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली. १८७६-७७ च्या दुष्काळात समाजाने लोकांकडून मदत मिळवून पुण्याजवळील धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. संस्थानची मदत आणि त्या त्या समाजाने उभारलेला निधी अशा दोन्ही आधारांवर ती चालत.

शिक्षण

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे आश्रमाचे काम पुण्याजवळील हिंगणे येथे सुरू झाले. या कामासाठी त्यांनी गावोगावी फिरून लहानलहान वर्गण्या जमवल्या. त्यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. अल्प वर्गण्यांवर वर्षानुवर्षे चाललेल्या कामामुळे मोठ्या देणगीदाराचाही विश्वास बसतो, याचे हे उदाहरण आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. वसतिगृह चालवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने विकले. घराघरांतून मूठमूठ धान्य जमवण्याची ‘मुष्टिफंड’ ही पद्धतही संस्थेने वापरली. रोख पैसा क्वचितच हाती असलेल्या शेतकरी कुटुंबाला धान्याच्या रूपाने वाटा उचलता येत असे. त्याच्या जोडीला ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वानुसार विद्यार्थी स्वतः श्रम करून आपल्या खर्चाचा भार हलका करत.

१९४८ मध्ये मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले होते. नंतर ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात संस्थेची मदार प्रामुख्याने लोकांच्या पाठिंब्यावर होती. केवळ अनुदानावर चालणारी संस्था अशा वेळी बंद पडण्याचा धोका असतो. लोकाश्रयामुळे संस्थेला काही प्रमाणात स्वातंत्र्य मिळते, हे या प्रसंगातून दिसून आले.

अलीकडच्या काळात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी लोकवर्गणीतून वर्गखोल्यांची रंगरंगोटी, संगणक, प्रोजेक्टर, ग्रंथालय आणि पिण्याच्या पाण्याची सोय केली आहे. शालेय वर्तुळात यासाठी ‘शैक्षणिक उठाव’ हा शब्दप्रयोग रूढ आहे.

उत्पन्न आणि रोजगार

लोकवर्गणीतून रोजगारनिर्मितीचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांनी ही कल्पना मांडली. देशी उद्योगांच्या उभारणीसाठी प्रत्येकाने वर्षाला किमान एक पैसा द्यावा, असे तिचे स्वरूप होते. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक लाख लोकांनी प्रत्येकी एक पैसा दिला, तरी सुमारे १,५६२ रुपयेच जमत. त्यामुळे निधी वाढवण्यासाठी असंख्य स्वयंसेवकांची आणि दीर्घकाळ चिकाटीची गरज होती. लोकमान्य टिळकांनी या योजनेला पाठिंबा दिला.

या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचनिर्मितीचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची तांत्रिक जबाबदारी सांभाळली. कारखान्यात उत्पादनाबरोबरच तरुणांना प्रशिक्षणही दिले जात असे. तेथे शिकलेले कारागीर इतर ठिकाणच्या काच कारखान्यांत गेल्यामुळे हे कौशल्य देशाच्या अन्य भागांतही पोहोचले.

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली. समितीने वरोरा येथे उभारलेल्या आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या उपचारांबरोबरच शेती, विणकाम आणि हस्तव्यवसाय सुरू झाले. समाजाकडून आलेल्या मदतीला रहिवाशांच्या श्रमांची जोड मिळाली. कुटुंबाने आणि गावाने दूर केलेल्या व्यक्तींना तेथे उपचारांबरोबर स्वतःच्या कष्टाचे उत्पन्नही मिळू लागले.

आरोग्य

संत गाडगे महाराज यांनी कीर्तनांतून लोकांना स्वच्छता, शिक्षण आणि व्यसनमुक्तीचा उपदेश केला. लोकांनी दिलेल्या निधीतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने मुंबईत दादर येथे चालणारी धर्मशाळा कर्करुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी दूरवरून रुग्ण येतात. उपचार अनेक महिने चालत असल्याने औषधांइतकाच राहण्याजेवण्याचा खर्चही कुटुंबाला पेलत नाही. रुग्णालयाच्या देयकात न दिसणारा हा खर्च अशा धर्मशाळा हलका करतात.

सार्वजनिक गणेशोत्सव मंडळेही वर्गणीचा काही भाग रक्तदान शिबिरे, आरोग्य तपासणी, रुग्णवाहिका आणि वैद्यकीय मदतीसाठी वापरतात. मुंबईतील लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ डायलिसिस केंद्र चालवते.

परदेशस्थ मराठी भाषकांचा सहभाग

अमेरिकेतील मराठी भाषकांनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशनची स्थापना केली. ही संस्था महाराष्ट्रातील सामाजिक कार्याला अर्थसाहाय्य करते आणि साहित्य व समाजकार्य यांसाठी पुरस्कार देते.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांचे नियमन महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार होते. १९५० चा हा कायदा पूर्वी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जात असे. त्यानुसार न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी लागते आणि हिशेब ठेवून त्यांची तपासणी करून घ्यावी लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाला उत्सवासाठी किंवा अन्य धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची असल्यास या कायद्यानुसार परवानगी आवश्यक असते.

याच कायद्यातील कलम ४१ कक अन्वये ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वार्षिक खर्च असलेल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. आयकर कायद्यानुसार पात्र संस्थांना दिलेल्या देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळू शकते.

शाळा-महाविद्यालयांत प्रवेशाच्या बदल्यात घेतली जाणारी रक्कम लोकवर्गणीत मोडत नाही. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने अशा कॅपिटेशन फीला बंदी आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मध्येही तशी मनाई आहे.

मर्यादा आणि टीका

लोकवर्गणीतून इमारत उभारणे तुलनेने सोपे असते, पण शिक्षक, परिचारिका किंवा डॉक्टर यांचे वेतन दरमहा द्यावे लागते. एकदाच्या उत्साहात जमलेला निधी या आवर्ती खर्चाला पुरत नाही. त्यामुळे टिकून राहिलेल्या बहुतेक संस्थांनी वर्गणीला शासकीय अनुदान, कायम निधी किंवा स्वतःच्या उत्पन्नाची जोड दिली.

संपन्न गावाची शाळा वर्गणीतून सुधारते आणि मजुरी किंवा ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्यांच्या वस्तीतील शाळा मागे राहते, असाही आक्षेप घेतला जातो. लोक निधी देतात म्हणून शासनाने आपली जबाबदारी कमी करू नये, अशी भूमिका शिक्षण आणि आरोग्य या क्षेत्रांतील अनेक कार्यकर्ते मांडतात.

वर्गणी ऐच्छिक असणे अपेक्षित असले, तरी उत्सवांच्या काळात सक्तीने वसुली झाल्याच्या तक्रारी होतात. शाळेच्या भिंतीवरील फलकावर सहसा मोठ्या देणगीदारांची नावे कोरली जातात. एका दिवसाची मजुरी किंवा पायलीभर धान्य देणाऱ्यांची नोंद मात्र बहुतेक वेळा पावतीपुस्तकापुरतीच उरते. त्यामुळे लहानातल्या लहान वर्गणीचीही पावती देणे आणि पूर्ण हिशेब गावासमोर वाचणे याला केवळ औपचारिक महत्त्व नाही. त्यावरच पुढच्या वर्षी लोक पुन्हा हात पुढे करतील की नाही, हे ठरते.