उघड्या खाणीचा उतार : धोका कसा ओळखावा?

जमिनीवरून खाली खोदत जाऊन दगड किंवा खनिज काढले जाते, त्या जागेस उघडी खाण म्हणतात. खोदकाम खोल जाते, तशा खाणीच्या बाजू उंच होतात. झारखंडमधील राजमहल कोळसा खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी मातीदगडांचा प्रचंड भाग घसरून २३ कामगार मृत्युमुखी पडले. म्हणूनच उतारांचे स्थैर्य नियमितपणे तपासणे आवश्यक ठरते.

उतारावर दोन बले कार्य करीत असतात. गुरुत्वाकर्षण मातीदगडांना खाली ओढते. घर्षण आणि कणांची परस्परांतील चिकटण त्यांना धरून ठेवते. धरून ठेवणाऱ्या बलाला ओढणाऱ्या बलाने भागले असता ‘सुरक्षितता गुणांक’ मिळतो. तो १ पेक्षा कमी झाला की उतार ढासळतो. १ च्या किंचित वर असताना उतार उभा दिसतो. परंतु एखादा मोठा पाऊसही त्याला पाडू शकतो.

कोकण व गोव्यातील चिऱ्यांच्या लहान खाणींचे उदाहरण घेऊ. तेथील जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते. ओली माती मऊ व निसरडी होते. वरचा दगड मजबूत असला, तरी त्याचा आधारच दुबळा झालेला असतो.

मोठ्या खाणीत उताराची हालचाल मोजण्यासाठी रडार वापरता येते. लहान खाणीत निरीक्षणावरच भिस्त असते. थर आणि सांधे खाणीच्या दिशेने कललेले आहेत काय? कड्यातून नवे पाणी पाझरू लागले आहे काय? माथ्यावर कडेला समांतर भेग पडली आहे काय? भेग दिसल्यास तिच्या दोन्ही बाजूंस खुंट्या रोवून त्यांतील अंतर रोज मोजावे. वाढ २, ४, ९ मिलिमीटर अशी वेग घेऊ लागली, तर काम तत्काळ थांबवून माणसे दूर न्यावीत.

धोका मुळातच कमी करण्यासाठी कडा एकसंध उभी न कापता तिला पायऱ्या पाडतात. बिगरकोळसा खाणींसाठी १९६१ साली केलेल्या विनियमांत माती, मुरूम अशा मऊ जमिनीत उतार ४५ अंशांपर्यंत ठेवावा, किंवा १.५ मीटरपर्यंत उंचीच्या आणि निदान तेवढ्याच रुंदीच्या पायऱ्या ठेवाव्यात, अशी सर्वसाधारण मर्यादा होती. कठीण भूमीत पायरीची उंची ६ मीटरपर्यंत चालत असे. याशिवाय माथ्यावर चर खणून पावसाचे पाणी बाहेर वळवावे आणि काढलेल्या मातीचा ढीग कडेजवळ रचू नये.

भेग प्रथम दिसते ती बहुधा तेथे राबणाऱ्या कामगाराला. त्याने ती सांगताच, दिवसाचे उत्पादन बुडाले तरी काम थांबले पाहिजे; अन्यथा सर्व मोजमापे व्यर्थ होत.