छोट्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड तापतंय, ओरडतंय? आधी हे करून बघा

उन्हात गेम खेळताना फोन गरम होतो आणि मग गेम अडखळायला लागतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्डही हेच करतं. फरक एवढाच की फोन गप्प बसून तापतो आणि कार्ड बोंब मारून तापतं.

ती बोंब आमच्या घरात भांडणाचं कारण झाली होती. मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात राहतो. बाबा वीज केंद्रात पाळीवर जातात. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपतात. क्वार्टरच्या दोन खोल्या, मधे एक भिंत. मी गेम लावला की पाचच मिनिटांत तिकडून आवाज यायचा, "घरात विमान उडवून राहिला का रे?"

माझा कॉम्प्युटर छोटा आहे. मदरबोर्ड मिनी आयटीएक्स, म्हणजे १७ बाय १७ सेंटिमीटरचा. त्यात आरटीएक्स ३०६० कार्ड, जे पूर्ण जोरात १७० वॅट खातं. हे जवळजवळ सगळे वॅट शेवटी उष्णताच होतात. म्हणजे बुटांच्या दोन खोक्यांएवढ्या डब्यात १०० वॅटचे जवळपास दोन जुने पिवळे बल्ब सतत पेटलेले.

नुसतं तापमान बघू नका, फरक बघा

कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर उभं असतं. जानेवारीत खोली २५ अंशांवर होती तेव्हा माझं कार्ड ६८ दाखवायचं. फरक ४३. मे महिन्यात कूलर लावूनही खोली ३४ वर, तर कार्ड ७७. फरक तोच! म्हणजे कार्ड बिघडलं नव्हतं, ऋतू बदलला होता. थंड देशातल्या यूट्यूबरचं कार्ड ६० वर चालतं म्हणून आपलं खराब, असं समजू नका. ३०६० ची कमाल मर्यादा ९३ अंश आहे, पण त्याच्या बरंच आधी कार्ड हळूहळू वेग कमी करायला लागतं. आपलं काम हा फरक कमी करायचं.

उष्णता संपत नाही, फक्त जागा बदलते

मी अजून दोन पंखे मागवणार होतो. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "गरम हवा जाते कुठं, ते पाहिलं का आधी?" चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. कोळशातल्या ऊर्जेतली साधारण एक तृतीयांशच वीज होते, उरलेली उष्णता बाहेर न्यावी लागते. त्यासाठी इरई धरणाचं पाणी लागतं. २०१० च्या उन्हाळ्यात धरणात पाणी उरलं नाही तेव्हा संच बंद ठेवावे लागले होते. एवढ्या मोठ्या केंद्राला जो नियम, तोच माझ्या डब्याला.

मग मी उदबत्ती पेटवून जाळ्यांजवळ धरली. (राख आत पडू देऊ नका!) धूर आत ओढला जातो ती हवेची वाट, बाहेर ढकलला जातो तीही वाट. माझ्याकडे मागून निघालेला धूर टेबलाच्या कप्प्यात फिरून परत पुढून आत जात होता. कार्ड स्वतःचीच गरम हवा पीत होतं! शिवाय कार्डाच्या पंख्यांपासून बोटभर अंतरावर काचेचा बंद दरवाजा. कॉम्प्युटर कप्प्यातून टेबलावर घेतला, काचेऐवजी जाळीचा दरवाजा लावला. एका झटक्यात ६ अंश कमी.

खरी जादू: उष्णता तयारच कमी करा

चिप किती वीज खाते हे व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतं. १.०५ व्होल्टवरून ०.९ वर आलात तर व्होल्टेज १४ टक्केच कमी होतं, पण त्याच वेगावर चिपचा वीजखर्च पाव भागाहून जास्त घटतो. कंपन्या सगळी कार्डं बिनधोक चालावीत म्हणून व्होल्टेज थोडं जास्तच ठेवतात. ते कमी करण्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात.

१. एमएसआय आफ्टरबर्नर उघडा. कोअर क्लॉक सुमारे २०० ने खाली घ्या आणि अप्लाय करा.
२. कंट्रोल आणि एफ दाबा. आलेख उघडेल.
३. ९०० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झपर्यंत वर उचला, अप्लाय करा. उजवीकडची रेघ सपाट होईल.
४. अर्धा तास जड गेम खेळा. गेम बंद पडला तर वेग १५-३० मेगाहर्ट्झने कमी करा.

हे आकडे माझ्या कार्डाचे, तुमचे वेगळे असतील. झंझट नको असेल तर पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा. एएमडीचं कार्ड असेल तर अशी सोय एड्रेनलिनमध्ये आहे. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेमही ६० फ्रेमवर बांधून टाका. न दिसणाऱ्या फ्रेमसाठी वीज कशाला जाळायची?

माझं कार्ड १७० वॅटवरून १२५ च्या आसपास आलं. गेममध्ये फरक शोधूनही सापडला नाही.

आता आवाज

इथे एक गंमत कळली. आमचा कूलर कार्डापेक्षा मोठ्यानं घरघरतो, तरी बाबा त्यात गाढ झोपतात. कारण तो आवाज एकसारखा असतो. झोप मोडते ती चढउताराने. कार्डाचे पंखे दर मिनिटाला जोर धरायचे, पुन्हा शांत व्हायचे.

म्हणून आफ्टरबर्नरमध्ये पंख्याची रेघ सपाट ठेवली: ५० ते ७५ अंशांपर्यंत हळूहळू चढणारी, त्यानंतरच तीव्र. हिस्टेरेसिस ५ केलं, म्हणजे तापमान ५ अंश उतरेपर्यंत पंखा हलत नाही. फेरे २१०० वरून १४०० वर आले. कूलर बंद करून फोनच्या ॲपने मोजलं तर ४७ डेसिबलचे ३८ झाले. ॲपचे आकडे तंतोतंत नसतात, पण त्याच जागी ठेवून तुलना करायला चालतात. पंखे मंद करूनही ३४ अंशांच्या खोलीत कार्ड ७१ वर थांबतं.

आपल्याकडचे दोन शत्रू

पहिला, धूळ. आमच्याकडे त्यात कोळशाची भुकटी आणि राखही असते. हवा आत येते तिथे बारीक जाळी लावा आणि दर पंधरा दिवसांनी धुऊन, वाळवून परत बसवा. दुसरा, कूलरचे तुषार. कूलरने खोली थंड होते ते चांगलंच, पण त्याचा झोत थेट कॉम्प्युटरवर नको. पाण्यातले क्षार आत साचतात.

एवढं सगळं झाल्यावरही कार्ड तापत असेल आणि जुनं असेल, तरच थर्मल पेस्ट बदलायचा विचार करा. त्याआधी वॉरंटीचे नियम वाचा.

आणि ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनाही हेच लागू: गेम खेळताना चार्जिंग नको, जाड कव्हर काढा, फ्रेम रेट कमी ठेवा.

नवीन पंखे मी मागवलेच नाहीत. खर्च झाला तो एका जाळीच्या दरवाजाचा. परवा बाबा रात्रपाळीहून आले, झोपले आणि दुपारी उठून मला म्हणाले, "आज खेळला नाही का रे?" मी तीन तास खेळत होतो!