अर्भकांची कावीळ आणि एक कागदी पट्टी

नवजात मूल पिवळे दिसले तर आपल्याकडे कोणी फारसे घाबरत नाही. कोवळ्या उन्हात धरा, उतरेल, असे घरातील वडीलधारी सांगतात. आणि बहुतेक वेळा कावीळ उतरतेही. या ‘बहुतेक वेळा’मुळेच उरलेल्या थोड्या मुलांचा घात होतो. यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिका बुजत जाण्याचा ‘बिलिअरी अट्रेझिया’ हा दुर्मिळ विकार त्यांना असतो. युरोपात तो पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एखाद्या बालकाला होतो. तैवानात त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. प्रारंभी मूल चांगले बाळसेदार दिसते. मात्र शौचाचा रंग खडूसारखा फिका पडतो, लघवी गडद होते आणि आत तुंबलेले पित्त यकृत नासवीत राहते. उपचार न मिळाल्यास असे मूल सहसा दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाही.

जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५५ साली सेंदाई येथे निकामी नलिका काढून आतडे थेट यकृताच्या मुखाशी जोडले. तीच शस्त्रक्रिया आजही पहिला उपाय आहे. ती रोग समूळ घालवीत नाही. अनेक मुलांना पुढे यकृतरोपण करावेच लागते. पण साठ दिवसांच्या आत ती झाली तर यशाची आशा पुष्कळ वाढते.

शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइड दिल्यास पित्त अधिक चांगले वाहते, असा अनेक शल्यविशारदांचा अनुभवजन्य विश्वास होता. अमेरिकेत १४० अर्भकांवर त्याची रीतसर कसोटी घेण्यात आली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधासारखे दिसणारे निरुपद्रवी द्रव्य, आणि कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही, अशी ही चाचणी होती. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी स्वतःच्या यकृतावर जगणाऱ्या मुलांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा एकोणसाठच्या आसपास. औषध घेणाऱ्यांत गंभीर उपद्रव मात्र लवकर दिसू लागले. असल्या नकारार्थी निष्कर्षाचे कोणी सत्कार करीत नाही. तरीही इतक्या विरळ रोगाची इतकी मुले एकत्र आणून स्वतःचाच विश्वास तपासून पाहणे, ही विज्ञानाची खरी सचोटी होय.

तैवानने दुसरी वाट धरली. शौचाचे रंग छापलेली एक पट्टी मातेच्या हाती द्यायची आणि फिका रंग दिसताच कळवायला सांगायचे. २००४ पासून ही योजना देशभर लागू झाली. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे प्रमाण त्या वर्षी शेकडा ६० होते, ते पुढच्याच वर्षी ७४ वर गेले. ज्या देशांत मुले शस्त्रक्रियेसाठी उशिरा पोहोचतात, आणि आपला देश त्यांपैकीच एक, त्यांनी आधी या पट्टीकडे पाहावयास हवे.

आपल्याकडे तर तिच्यासाठी नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. चौदा दिवसांनंतरही कावीळ टिकली असेल तर रक्ततपासणी झालीच पाहिजे, आणि त्यानंतरच्या भेटींत लंगोटातील रंग पट्टीशी ताडून पाहता येईल. बेचाळिसाव्या दिवशी संशय आला तरी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचावयास अठरा दिवस हाती उरतात.